पळून गेलेल्या माणसाची भाषा

आमच्या घरमालकांनी निवृत्त झाल्यावर ऑफिस सोडलं नाही, फक्त घरी हलवलं. परभणीतल्या त्यांच्या घराच्या ओसरीत एक टेबल होतं. साडेदहा वाजले की पूजा उरकून, काळी टोपी घालून ते त्या टेबलाशी हजर होत आणि साडेपाचला उठत. दुपारी डबा खात. डबा म्हणजे खराखुरा पितळी डबा. काकू तो स्वयंपाकघरात भरून बाहेर पाठवीत, कारण ऑफिसच्या वेळेत घरात जाऊन ताटावर बसणं शिस्तीत बसत नव्हतं.

तहसील कचेरीत त्यांची उभी हयात गेली. निजामाच्या अमदानीत चिकटले, महाराष्ट्र सरकारात सुटले. साहेबापुढं कागद पेश करायचं त्यांचं काम, म्हणून गल्ली त्यांना पेशकार म्हणायची. मीही इथं तेवढंच म्हणतो. खरं नाव लिहिलं तर ते जिथं असतील तिथून विचारतील, ‘लेखी परवानगी घेतली होतीस?’

आम्ही तिघं भाडेकरू पोरं मागच्या खोल्यांत राहायचो. काही सांगायचं असलं तर तोंडी चालत नसे.

“काका, नळ गळायलाय.”

“दरखास्त?”

मग आम्ही वहीचं पान फाडून दरखास्त लिहायची. ते तिच्यावर तारीख टाकायचे, दुसऱ्या दिवशी मौक्यावर जाऊन नळाची पाहणी करायचे, म्हणजे तीच ओसरी ओलांडून मागं यायचे, आणि खाली निकाल लिहायचे: ‘पाहणी केली. नळ गळतो हे खरे आहे. अर्जदाराने खाली बादली ठेवावी.’

कधी कधी ते रजेवर असत. रजेच्या दिवशी बसायचे ओसरीतच, पण खुर्चीवर नाही, बाजेवर. टोपी खुंटीला.

“काका, पाणी आलंय, मोटार लावू का?”

“मी रजेवर हाय. उद्या साहेब आले की इचार.”

“साहेब म्हणजे कोण?”

“मीच.”

काकू आतून ओरडायच्या, “अहो, कोणीतरी ह्यांची बदली करा हो! निदान हिंगोलीला तरी!”

काकूंचा आणि त्यांचा संसार असाच चालायचा. भाजी कोणती करायची हे काकू त्यांना सकाळी दहाच्या आत विचारून घेत, कारण नंतर विचारलं तर ‘विचाराधीन’ असं उत्तर येई आणि दुपारी नुसता भाकरी-ठेचा खावा लागे. एकदा काकूंनी माहेरी जायची गोष्ट काढली, तर म्हणाले, “जा, पण तुझ्या जागी कोण येणार, ते आधी कळव.” काकूंनी कपाळाला हात लावला आणि दोन दिवस जास्त राहून आल्या.

आता माझं. मी पालमचा. बी.कॉम. झालो होतो, म्हणजे घरच्यांच्या मते झालो होतो. माझं मला तसं काही वाटत नव्हतं. पालमला मामाची पिठाची गिरणी. मामाला मुलगा नाही. त्यामुळे माझं भवितव्य मामानं आधीच ठरवून टाकलं होतं. पट्ट्याच्या बाजूला एक स्टूल होतं, ते त्यानं मला दाखवूनही ठेवलं होतं. “हे तुझं,” म्हणाला, “मी कोणाला बसू देत न्हाई त्याच्यावर.” दरबारात जागा दिल्यासारखं त्याच्या तोंडावर समाधान होतं. मला गिरणीत पाऊल टाकलं की शिंका सुरू व्हायच्या. मामा म्हणायचा, “सवय होईल.” मला भीती शिंकांची नव्हती, ह्या ‘सवय होईल’ची होती.

वडिलांनी मुदत दिली. दिवाळीपर्यंत पक्की नोकरी लागली तर ठीक, नाहीतर स्टूल. पक्की म्हणजे कशी, तर ‘जी जात नाही अशी’. वडील प्राथमिक शाळेत मास्तर. त्यांच्या मते जगात तशी एकच नोकरी होती आणि ती त्यांनी आधीच घेतली होती.

ते नव्वदच्या आगेमागेचं साल. परभणीत तेव्हा नुकताच एक कॉम्प्युटर क्लास निघाला होता, चपलांच्या दुकानाच्या माडीवर. क्लास चालवणारे सर गंगाखेडकडच्या एका खेड्यातले, बौद्ध घरातले, पुण्यात चार वर्षं नोकरी करून परत आलेले. भिंतीवर बुद्धाची तसबीर, तिच्याखाली कॉम्प्युटर, कॉम्प्युटरवर शाल. एकच मशीन होतं. चपला बाहेर काढून आत जायचं. खालचा दुकानदार म्हणायचा, “माझ्या डोक्यावर रोज नव्या गिऱ्हाईकांच्या चपला पडायल्यात, अन् एक बी माझ्याकडची न्हाई.”

सरांनी फळ्यावर भाषांची नावं लिहिली. बेसिक, कोबॉल, पास्कल, डीबेस, सी. एका बॅचला एक भाषा. ज्याला जी शिकायची ती त्यानं शनिवारपर्यंत सांगायची. आधीची बॅच नामांतराच्या बंदांत दोनदा अडकून अर्धवट राहिली होती, म्हणून सरांना घाई होती. “विद्यापीठाचं नाव ठरायचं तवा ठरंल,” ते हसून म्हणाले, “आपली भाषा शनिवारी ठरली पाहिजे.”

आली पंचाईत. सर स्वतः म्हणत, कोबॉल घ्या, मोठ्या बँका तिच्यावर चालतात. पुण्यातल्या एका मित्रानं कळवलं, ‘सी सोडून काही शिकलास तर तोंड दाखवू नकोस.’ वडील म्हणाले, टायपिंग शिक. मामा म्हणाला, “गिरणीला भाषा लागत न्हाई.” मी सकाळी उठायचो तेव्हा कोबॉलवाला असायचो, दुपारी सीवाला, आणि संध्याकाळी गिरणीवाला.

ही बातमी ओसरीत पोचली.

“जनाब, इकडं या. कसली भाषा शिकायलास म्हणं?”

“तेच ठरत नाहीये काका. कोबॉल की सी की डीबेस.”

“कुठं बोलत्यात?”

“बोलत नाहीत. नुसत्या लिहितात.”

“मग वाचतं कोण?”

“मशीन.”

“मशीन उलट जवाब देतं?”

“चूक झाली तर देतं.”

“अन् बरोबर असलं तर?”

“गप्प बसतं.”

पेशकार जरा विचारात पडले. “हे तर आमचे तहसीलदार,” म्हणाले.

मग त्यांनी मला समोर बसवलं. भाडेकरूला बसवणं ही ओसरीतली मोठी घटना होती. “मी बी भाषा बघूनच नोकरी धरली होती,” ते म्हणाले. “आमच्या काळात उर्दू. माझ्या थोरल्या भावानं मराठी शाळा धरली, तर वडील त्याला म्हणले, पोटाला काय खाणारैस? मी उर्दूत पास झालो. निजामाचं राज्य दोनशे वर्षं हाललं न्हाई, आता उर्दूला कोण हालवतंय! खुर्ची मिळाली. शेरवानी शिवली. बरोबर पुढच्या साली पोलीस ॲक्शन, निजामच गेला.”

“मग?”

“मग शेरवानी ट्रंकेत. इंग्रजी आली. इंग्रजी शिकलो. ती बसती न बसती तोच राज्याचे तुकडे झाले, अन् आला हुकूम, सगळा कारभार मराठीत. आता मराठी तर माझी आईची भाषा. पण कचेरीतली मराठी काय आईला येत होती व्हय? ती बी शिकलो. खुर्ची तीच. भाषाच येत राहिल्या अन् जात राहिल्या.”

“म्हणजे मी कोणती शिकू?”

“असं एकदम सांगता येत न्हाई,” पेशकार म्हणाले. “सुनावणी घ्यावी लागंल.”

आणि त्यांनी खरोखर सुनावणी लावली. ‘अर्जदार विरुद्ध कोबॉल व इतर’ असं कागदावर लिहिलं. मी एकेका भाषेचा वकील होऊन तिची बाजू मांडायची, ते ऐकणार. पहिल्या तारखेला मी कोबॉल मांडली. सरांनी सांगितलेलं सगळं सांगितलं. त्यांनी एकच विचारलं, “परभणी जिल्ह्यात तिचा मुक्काम कुठं?” मला सांगता आलं नाही. पुढची तारीख. दुसऱ्या दिवशी सी मांडली. “हिच्यात काय काय करता येतं?” “सगळं.” “जे सगळं करतंय त्याला कोणी कामाला ठेवत न्हाई,” ते म्हणाले आणि पुढची तारीख दिली. तिसऱ्या दिवशी मी तयारीनं गेलो तर बाजेवर बसलेले. रजेवर!

“काका, परवा शनिवार आहे हो!”

“साहेबाला इचार.”

काकू बाहेर आल्या. लेकराची अवस्था त्यांना बघवत नव्हती. “अहो, ते पोरगं पीठ दळायला जायचं तुमच्या ह्या तारखांपायी!”

“मी रजेवर हाय,” पेशकार म्हणाले.

“मग मी सांगते. बाळा, जी सोपी असंल ती शीक, अन् जेवायला बस.”

आज इतक्या वर्षांनी माझ्या घरात हीच सुनावणी नव्यानं चालू असते. मुलगी एकेका भाषेचं नाव घेते, अमुक पाच वर्षं टिकेल का, तमुक टिकेल का, असं विचारते. मी पेशकारांसारखं तोंड करून बसतो. बायको म्हणते, ठरवता येत नसेल तर तसं सांगा, पोरीला तारखा कशाला देताय?

शुक्रवारी सकाळी पेशकार शेरवानी घालून उभे. ट्रंकेतून काढलेली, डांबराच्या गोळ्यांच्या वासाची. “चल,” म्हणाले, “मौक्यावर जाऊ.” त्यांना खबर लागली होती की सेलूच्या एका जिनिंगवाल्या सेठनं कॉम्प्युटर आणलाय. भाषा कुठं राहते ते बघितल्याशिवाय ते निकाल देणार नव्हते. आम्ही पॅसेंजरनं सेलूला गेलो. डब्यातले लोक त्यांना जागा करून देत होते. कोणाला वाटलं काझी, कोणाला वाटलं बँडवाला.

सेठनं आम्हाला ऑफिसात नेलं. कॉम्प्युटर होता. त्याला हळदकुंकू लावलेलं होतं, गळ्यात झेंडूची वाळलेली माळ होती, आणि तो बंद होता.

“चालवायला एक पोरगा ठिवला होता,” सेठ म्हणाले. “लय गुणी. परभणीचाच. सगळं त्यानंच बनवलं हो. भुईकाट्यावर गाडी चढली की हितं पावती निघायची. गेला दुबईला. जाताना म्हणला, सेठ, सगळं ह्याच्यातच हाय. आता ह्याच्यात हाय ते मला बी माहीत हाय, पण निघत न्हाई ना! दोन जण येऊन गेले. बघितलं, चहा पिले, नमस्कार करून गेले.”

“कोणत्या भाषेत होता तो?” पेशकारांनी विचारलं.

“घरी उर्दू बोलायचा. आमच्याशी मराठी.”

“तसं न्हाई. मशीनशी.”

सेठनं मुनीमजींकडं बघितलं. मुनीमजींनी डोकं खाजवलं. “डी... डीबेस का कायतरी म्हणायचा.”

परतीच्या गाडीत पेशकारांनी निकाल दिला.

“डीबेस.”

“का?”

“तिचा माणूस पळालाय.”

मी हसलो. ते हसले नाहीत. “ॲक्शन झाल्यावर बी असंच झालं,” ते खिडकीबाहेर बघत म्हणाले. “मोठे मोठे उर्दूवाले गेले. कोणी हैदराबादला, कोणी कराचीला. नवे साहेब आले, कुठून कुठून. त्यांना एक कागद वाचता येईना. कोणाची जमीन, कोणाचा बांध, सगळं उर्दूत. मला काढायलेच होते ते. पण मला काढलं तर कपाटं वाचणार कोण? ती वाचता वाचता मी नवी भाषा शिकून घेतली. मी काय हुशार होतो व्हय? मागच्यानं लिहिलेलं वाचायला जो बसतो, त्याला कोणी उठवत न्हाई.”

शनिवारी मी सरांना डीबेस सांगितलं. सरांनी कारण विचारलं. मी म्हणालो, “तिचा माणूस पळालाय.” सरांनी वहीत माझ्या नावापुढं डीबेस लिहिलं. मग म्हणाले, “चालंल. पण असं कारण दुसऱ्या कोणाला सांगू नका.”

डीबेस मला जमली. जमली म्हणजे सर शेजारी असले की जमायची. दसऱ्याच्या सुमारास पेशकारांनी मला सेलूला नेऊन सेठपुढं उभं केलं आणि सेठनं अट घातली. कापसाचा सीझन सुरू होण्याआधी मशीन चालू झालं पाहिजे. पहिल्या दिवशी गाड्यांच्या पावत्या बिनचूक निघाल्या, तर नोकरी पक्की. नाही निघाल्या, तर सेठ पूर्वीसारख्या हातानं पावत्या फाडणार, आणि मी पालमला. मामाला हे कळल्यावर त्यानं स्टुलाला नवी गादी शिवून घेतली.

दुबईला गेलेल्या त्या पोराचा प्रोग्राम मी उघडला. स्वच्छ काम होतं. नावं त्यानं कळतील अशी ठेवली होती. शेतकऱ्याच्या नावाला ‘नाम’, गावाला ‘गाव’, काट्यावर जे भरेल त्याला ‘वजन’. सगळं इंग्रजी अक्षरांत, पण वाचता येत होतं. फक्त एक शब्द अडला. हिशेबाच्या ओळीत, पावतीच्या ओळीत, जिथं तिथं ‘मिन्हा’. वजनाला चिकटून मिन्हा, बेरजेला चिकटून मिन्हा.

मी मुनीमजींना विचारलं, “मिन्हा कोण हो?”

मुनीमजींनी आजूबाजूला बघितलं, खुर्ची जवळ ओढली. “असंल एखादी,” हळूच म्हणाले. “पोरगा रोज संध्याकाळी स्टेशनकडं जायचा. मी म्हणायचो, एवढं काय हाय स्टेशनात? मिन्हा! नाव कसं गोड हाय बघा. मला वाटतं तिच्याच घरच्यांनी धमकावलं, म्हणून तर दुबई.”

मला गलबलून आलं. बिचारा! दिवसभर कापसाची वजनं टाकता टाकता त्यानं प्रत्येक ओळीत तिचं नाव लिहून ठेवलं होतं. पण मग मला काळजी वाटली. मी चांगल्या घरातला. उद्या ह्या मशीनवर दुसरं कोणी बसेल, शब्द बघेल, गावात बोभाटा होईल. परक्या पोरीची अब्रू आपल्या हातात आहे, असं मला मनापासून वाटलं. मी एकेक ओळ शोधून मोठ्या हळुवारपणे मिन्हाला प्रोग्राममधून काढलं. मग तपासून बघितलं. वजन शंभर टाकलं, पावतीवर शंभर छापून आले. याहून बिनचूक काय असतं?

सीझनच्या पहिल्या दिवशी जिनिंगच्या आवारात कापसाच्या गाड्या लागल्या. सेठनं काट्याला नारळ फोडला, मशीनला नवा हार घातला. सरकारी खरेदीचं केंद्र त्याच आवारात होतं, पण तोलाई सेठच्या भुईकाट्यावर. पद्धत अशी: बैल सोडायचे, भरलेली गाडी काट्यावर घ्यायची, तिचं वजन करायचं, कापूस उतरवला की रिकामी गाडी पुन्हा काट्यावर. दोन्ही आकडे मला ओरडून सांगायचे, मशीन मागेल तो मी टाकायचा, पावती निघायची. पेशकार शेरवानीत आले होते, दौऱ्यावर. सेठनं त्यांना स्वतःच्या शेजारी बसवलं.

पहिली पावती करकरत बाहेर आली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मुनीमजींनी ती एका म्हाताऱ्या शेतकऱ्याला दिली. त्यानं ती डोळ्यांपासून लांब धरली, जवळ धरली, शेजारच्याला वाचायला लावली आणि गेला. परत आला.

“सेठ,” म्हणाला, “म्या गाडी बी इकली का काय?”

“म्हंजे?”

“कापूस माझा इतका होणारच न्हाई. रानात किती निघतोय ते मला ठावं हाय ना. ह्याच्यात माझी गाडी बी धरलीय. बैल तेवढे सोडल्यात.”

लोक हसायला लागले. त्याच्यामागच्या दोघांना मात्र आपापल्या पावत्या लगेच पटल्या होत्या. ते घाईघाईनं बैल जुंपायला लागले होते. मुनीमजी त्यांच्यामागं धावले. सेठनं माझ्याकडं बघितलं. मला पालमची गिरणी दिसायला लागली, पट्ट्याचा आवाज यायला लागला. खरोखर शिंक आली.

“काय केलंस रे तू?” सेठ म्हणाले. “त्या पोराच्या वेळी असं कधी झालं न्हाई.”

“मी काही केलं नाही सेठ. फक्त एक नाव काढलं.”

“कोणाचं?”

इतक्या लोकांत कसं सांगणार?

“अरे, कोणाचं नाव काढलंस?” पेशकारांनी विचारलं.

मी त्यांच्या कानाशी गेलो. “काका, बाईमाणसाचं आहे. चारचौघांत नको.”

“सांग!”

“मिन्हा.”

पेशकारांनी टोपी काढली, टेबलावर ठेवली आणि हसायला लागले. ऑफिसच्या वेळेत ते हसल्याचं मी कधी बघितलं नव्हतं. डोळ्यांतून पाणी आलं, शेरवानीचं वरचं बटण तुटून खाली पडलं, तरी थांबेनात.

“बेवकूफ!” ते म्हणाले. “मिन्हा म्हंजे वजा! आमच्या कचेरीत जमाबंदीच्या कागदावर रोज लिहायचो आमी. एवढे जमा, एवढे मिन्हा. त्या पोराची शाळा उर्दू, त्यानं वजा करायच्या आकड्याला मिन्हा म्हणलं. रिकामी गाडी मिन्हा! तू पोरगी न्हाई काढलीस, वजाबाकी काढलीस!”

मुनीमजींना ऐकू गेलं. ते स्टेशनकडं बघत राहिले. इतके दिवस जपलेली एक प्रेमकथा त्यांच्या डोळ्यांदेखत वारली.

“परत घालायला किती वेळ लागंल?” पेशकारांनी मला विचारलं.

“एक शब्द तर आहे.”

“घाल.”

मी शब्द घातला. जिथून जिथून काढला होता तिथं तिथं घातला. वाळीत टाकलेलं लेकरू परत घरात आणावं तसा. म्हाताऱ्याची पावती नव्यानं छापली. त्यानं ती पुन्हा लांब धरली, जवळ धरली, वाचून घेतली.

“आता बरोबर,” म्हणाला. “माझी गाडी मला मिळाली.”

तो गेला. आता सेठ काय म्हणतात इकडं माझं लक्ष. सेठ वळले ते पेशकारांकडं.

“पेशकार साहेब, खरं सांगू का? ह्या पोराचा मला भरोसा न्हाई. आज हा शब्द निघाला, उद्या दुसरा निघंल. त्या पोरानं आत अजून काय काय उर्दू भरून ठेवलंय, देव जाणे. तुमीच या ना. मशीनचं काय, तुमचा तो कॉम्प्युटरचा मास्तर शिकवंल महिन्याभरात. मला एकच माणूस ठिवायचाय, अन् तो वाचणारा पाहिजे. ही खुर्ची तुमची.”

खुर्ची चांगली होती. फिरती, हात असलेली, पाठीला वेताचं विणकाम. सेठनं ती स्वतः पुढं ओढली. पेशकार बसले. दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर ठेवले, थोडं डावीकडं फिरले, थोडं उजवीकडं. टेबलावर सेठची पितळी घंटी होती. त्यांनी ती वाजवली.

शिपाई धावत आला. “जी साहेब?”

पेशकार त्याच्याकडं बघत राहिले. खराखुरा शिपाई, खराखुरा धावत आलेला.

“पाणी आण,” ते म्हणाले.

शिपायानं पाणी आणलं. ते सावकाश प्यायले. बाहेर गाडीवान ओरडायला लागले होते. मी दाराशी उभा. ते हो म्हणतील याची मला खात्रीच होती, आणि खोटं कशाला बोलू, त्यांना त्या खुर्चीत बघून मलाही ते शोभून दिसत होतं. मी मनात मामाला कळवून टाकलं, की गादी वाया जाणार नाही.

पेशकारांनी पेला खाली ठेवला, टोपी घातली आणि उठले.

“हे होऊ शकत न्हाई, सेठ,” ते म्हणाले. “मी रिटायर झालेलो हाय.”

हे वाक्य मी त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. काकूंनीही ऐकलं नसेल.

“अहो, पण ह्या पोराला उर्दू कुठं...”

“येईल. आज एक शब्द आलाय. बाकीचे अडतील तसे शिकंल. मला कोणी सगळे एकदम शिकवले होते व्हय?” त्यांनी खुर्ची माझ्याकडं वळवली. “बस.”

मी सेठकडं बघितलं.

“तिकडं काय बघायलास? गाड्या खोळंबल्यात. बस!”

मी बसलो. सेठ उठून दाराशी गेले आणि काट्यावरच्या माणसाला ओरडून म्हणाले, “पुढची गाडी घे रे!”